तीन चाकांचा ब्रेक

अण्णा, आज गॅरेजात एक जुनी मोटार आली. मालकाला ती ट्रॅकवर पळवायची आहे, आणि खाली वाकून पाहतो तर मागच्या डाव्या चाकाकडे जाणारा ब्रेक पाइप मध्येच कापून, दुमडून, हातोडीने ठेचलेला. तेल गळायला नको आणि त्या चाकाला ब्रेकही लागायला नको. तुमची परंपरा जिवंत आहे, एवढं कळवावं म्हणून लिहायला बसलो.

तुमच्याइतका आळशी मिस्त्री उद्यमनगरात दुसरा नव्हता. मोटारीला चार ब्रेक म्हणजे तुम्हांला पुनरुक्तीचा दोष वाटायचा. नव्वदच्या दशकातला तो शनिवार आठवतो. कागलचे ते ऊसतोडीचे ठेकेदार, डोक्यात शर्यतीचं वेड. त्यांच्या गाडीच्या डाव्या चाकाचा ब्रेक पाइप जॅकखाली चेंगरला होता. पाठशाळेत व्याकरण घोकून तुमच्या हाताखाली आलेला मी म्हणालो, नवा टाकू. हातोडी न थांबवता तुम्ही म्हणालात, "तीन चाकांला ब्रेक हाय की! चौथ्याचं काय लोणचं घालायचंय व्हय? शास्त्रीबुवा, मंतर म्हणा, पान्याला हात लावू नगा." गिऱ्हाइकं हसली. तुम्ही तर त्यांच्याही आधी हसलात; स्वतःच्या विनोदाला तुम्ही कधी ताटकळत ठेवलं नाही.

रविवारी ट्रॅकवर, पहिल्याच वळणाला ठेकेदार ब्रेक दाबतात, गाडी उजवीकडे ओढली जाते आणि टायरांच्या भिंतीत घुसते. खांदा मोडला. तो हात पुन्हा कधी डोक्यापर्यंत गेला नाही. दवाखान्यात त्यांच्या बायकोला तुम्ही काय सांगितलंत? "वैनी, ट्रॅकवर वाळू हुती." तेव्हा तुमचा जो वीट आला, तो तुम्ही गेल्यावरही गेलेला नाही.

आज मी अख्खा पाइप काढला. नवा मापून कापला, वळवला, दोन्ही तोंडं पसरून नट आवळले, चारही चाकांच्या ब्रेक पाइपात अडकलेली हवा काढली. दुपार गेली. तुम्ही असतात तर विचारलं असतंत, "सत्यनारायण मांडलायस व्हय?"

गाडी न्यायला आलेल्या मालकाने विचारलं, "ब्रेक बरोबर हाईत न्हवं?" मी किल्ली खिशात टाकून पुन्हा गाडीखाली शिरलो.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणूनच पुढचं लिहितो. त्या रविवारी हेल्मेट चढवताना ठेकेदारांनी हेच विचारलं होतं. तुम्ही पलीकडे चहा पीत होतात. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "तू शिकलेला हाईस, तू सांग." तुमची वाळू मी आजवर शंभर जणांना हसत सांगितली, हे एकालाही नाही. मी म्हणालो होतो, "व्हय. बिनधास्त जावा."