तिसऱ्या पेटीतली

प्रिय छोटे,

फोनवर मी नुसतं हं-हं करायचे म्हणून तू रुसलीस. रुसू नकोस गं. फोन आला की हे स्पीकर चालू करायला लावायचे आणि शेजारी बसून नखं कापत राहायचे. आता कामावरून, चष्म्याच्या दुकानातून लिहितेय, काचा घासायच्या यंत्राला टेकून. इथून फोन करता आला असता, पण बोलताना मी रडेन आणि तू अर्धंच ऐकशील.

यांनी कोळी पाळलाय हे आईकडून कळलंच असेल. ऐकायला गंमतच वाटते. आपल्या न्हाणीघरात कोळी दिसला की मी किंचाळायचे आणि तू, एवढीशी, चप्पल घेऊन धावायचीस. आठवतं?

प्राण्यांच्या दुकानात आम्ही तिघं गेलो होतो. हे, मी आणि भाऊजी. झाडावर राहणारा मोठा केसाळ कोळी, टॅरेंटुला, हवा म्हटल्यावर दुकानदाराने तीन उंच काचेच्या पेट्या पुढे मांडल्या. पहिल्यातला काळा, मखमली, पायांची टोकं गुलाबी. "नवख्याने हाच न्यावा, गरीब आहे बिचारा," तो म्हणाला. दुसऱ्यातला निळसर, पेटीतल्या झाडाच्या सालीमागे दडून बसलेला. तिसऱ्या पेटीत मादी होती. तळहाताहून मोठी, अंगावर राखाडी-पांढरी नक्षी. झाकण जरासं हललं आणि ती होती तिथे नव्हतीच. धावताना दिसलीसुद्धा नाही. "ही नको, साहेब," दुकानदार म्हणाला, "चावली तर माणूस मरत नाही, पण अंगात असे गोळे येतात की कित्येक दिवस तळमळतो." मी मागे सरले, आणि तेव्हा लक्षात आलं की हे पेटीकडे बघतच नव्हते. तिन्ही वेळा ते माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. "हीच द्या," म्हणाले.

पेटी आली ती झोपायच्या खोलीत, माझ्या उशाशी. बाहेरच्या खोलीत ठेवू या म्हटलं, तर म्हणाले, तिला उजेड सोसत नाही. चिमट्याने झुरळं घालायचं काम माझ्याकडे. मी घाईने झाकण लावलं की म्हणायचे, "होईल सवय. दहा-बारा वर्षं जगते ही." आवाज कायम मऊ. कधी ओरडले नाहीत, कधी हात उगारला नाही. सांगणार काय आणि कुणाला? आईला सांगून पाहिलं. "दारू नाही, शिव्या नाहीत. असतो एखाद्याला छंद," म्हणाली आणि विषय मिटवला.

परवा दुपारी कपड्यांच्या घड्या घेऊन खोलीत गेले, तर झाकण उघडं आणि सालीमागे कुणी नाही. घड्या तिथेच टाकून बाहेर पळाले. दोघं भाऊ चहा पीत होते. "असेल इथेच कुठेतरी. तू बस," हे म्हणाले. मी समोरच्या खुर्चीत बसले. दोघं माझ्याकडे बघत राहिले. कुणी उठेना, कुणी शोधेना. मग मला कळलं की त्यांची नजर माझ्यावर नाही, माझ्या खांद्याच्या जरा वर आहे. ती खुर्चीच्या पाठीवर होती, माझ्या मानेपासून वीतभर अंतरावर. मी बसले तेव्हापासून त्यांना दिसत होती. यांनी चहा संपवला, मगच बरणी आणून तिच्यावर अलगद पालथी घातली. भाऊजी म्हणाले, "मला वाटलं, वहिनीला आधीच कळेल," आणि हसले. खाली बघत, लाजल्यासारखं.

त्याच हसण्यावर तू भाळलीस ना? आईने सांगितलं, भाऊजींकडून तुला मागणी आलीय आणि तू जवळजवळ होकार दिलायस. माणूस शांत आहे, आवाज चढवत नाही, म्हणालीस म्हणे. खरं आहे, चढवत नाही. छोटे, नाही म्हण. आई रागावली तर हा कागद तिच्यापुढे ठेव. मी कालपासून घरी गेलेले नाही आणि जाणारही नाही. दुकानातल्या डोळे तपासणाऱ्या बाईंनी त्यांची एक खोली दिलीय. आमचा माल पोचवणारा आज तुमच्याकडे निघालाय, त्याच्याच हाती हे देतेय, कारण उद्या भाऊजी तुला भेटायला येणार आहेत. गप्पांच्या ओघात ते हसत विचारतील, तुला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते. यांनीही मला पहिल्याच भेटीत विचारलं होतं. सांगू नकोस. आणि आधीच सांगून बसली असलीस, तर हातातलं काम टाक आणि आत्ताच दुकानात फोन कर.

तुझीच,
ताई