पाहुणे येणार म्हणून आवरलेला राडारोडा

तीर्थस्वरूप वाल्मीकमामांस,

योगिनीचा वाकून नमस्कार. मामींची कंबर, तुमचा खोकला आणि पेठचा नवा गोठा, तिघांची खुशाली कळवावी. (गोठ्याची मुद्दाम विचारते आहे. कारण शेवटी.)

मामा, सध्या माझे पाय जमिनीवर नाहीत! गंगापूर रोडला जुनी तीन मजली इमारत पाडून आमची कंपनी तिथे पर्यावरणाला जपणारी ‘हरित इमारत’ बांधते आहे. जुन्या इमारतीचा राडारोडा वाया न जाता पुन्हा वापरात आला, हे पुराव्यानिशी दाखवलं की हरित प्रमाणपत्र मिळतं, आणि ते काम पहिल्यांदाच माझ्या एकटीवर आहे. जमलं तर नोकरी कायम! दीड महिना मी विटांचे ढीग वेगळे, काँक्रीटचे वेगळे लावले, वजनकाट्याच्या पावत्या जपल्या, फोटो काढले, ढिगाढिगावर पाट्या रोवल्या. (आई म्हणते, स्वतःच्या रुखवतालाही तू एवढं मांडणार नाहीस.) गुरुवारी तपासनीस बाई ते बघायला येणार आहेत.

आमचा वॉचमन सहादू मात्र घरंदाज माणूस. पाहुणे येणार म्हटलं की घर आवरायचं, एवढंच त्याला ठाऊक. सोमवारी पोचले तर आवार लख्ख! सडा, रांगोळी, गेटला झेंडूचं तोरण, आणि विटांच्या तुकड्यांचे तीन ट्रॉली ढीग गायब. पाट्या त्याने बंबात घातल्या होत्या, कारण सायबापुढे अंघोळ करून उभं राहायला हवं. “लय घान दिसत व्हतं ताई, ज्याला पायजे त्याला देऊन टाकलं,” असं तो शाबासकीची वाट बघत म्हणाला. मी रडायचीच बाकी राहिले.

मग स्कूटर काढली. एक ट्रॉली लंकाबाईंच्या रोपवाटिकेत पायवाटेवर अंथरलेली सापडली, दुसरी निसारभाईंच्या भंगार गोदामापुढच्या खड्ड्यात. दोघांनी लेखी दिलं, फोटोलाही उभे राहिले (निसारभाई इस्त्रीचा शर्ट घालून आले). तपासनीस बाईंना फोनवर सगळं खरं सांगितलं, तर त्या खूश! नुसत्या ढिगापेक्षा वापरात आलेला माल चांगला, म्हणाल्या. फक्त तिन्ही ट्रॉल्या त्या स्वतः डोळ्यांनी बघणार आहेत.

तुमची लाडकी भाची,
योगिनी

ता. क. तिसरी ट्रॉली तुमच्या गोठ्यात आहे. मागच्या आठवड्यात तुम्हीच सहादूला पत्ता देऊन गेलात. (भाचीला विचारायचं राहून गेलं असेल.) सोमवारपासून तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र ती ट्रॉली तुमच्याकडे टाकून आलेल्या राजूबरोबरच पाठवते. पाया पडते, गुरुवारपर्यंत त्यावर कोबा घालू नका.

ता. क. आणखी एक. बाई येणार आहेत हे मामींना कळू देऊ नका. त्या आवरायला घेतील.