बुजरीचं औक्षण

देवळी
११ जानेवारी २०२५

चि. इलास,

सुलोचनाआत्याचे अ. उ. आ. तुझी मांजर बुजरी सुखरूप पोचली, एवढंच लिहून पाकीट चिकटवावं असं फार वाटतंय. पण तू फोन केलास तरी मला ऐकू येणार नाही, फोनवर बोलणाऱ्याचे ओठ दिसत नाहीत, आणि कानातलं ते शिट्ट्या मारणारं यंत्र मी कपाटात ठेवून दिलंय. तेव्हा खरं काय ते नत्थूजींच्या पिशवीतूनच तुझ्याकडे यायला हवं. रोज सकाळच्या बसने वर्ध्याला कामाला जाणारा हा भला माणूस आहे म्हणून आपला पत्रव्यवहार तरी टिकून आहे.

टोपली बंद खोलीतच उघडायची, तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही, असं तू दहादा बजावलं होतंस. मी तसंच करणार होते गं. पण उंबऱ्यात नलू उभी. माझी ही धाकटी जाऊ भिंतीपलीकडे राहते, पण तिचा सगळा जीव अलीकडे असतो. त्यांच्याकडे नवी गाय आली, गोऱ्हा आला, की पायावर पाणी घालून, कुंकू लावून ओवाळल्याशिवाय आत घेत नाहीत. ती म्हणाली, बाई, घरात जीव येऊन राह्यला अन् त्याले तसंच घेता काय. ताट तयार होतं, निरांजन पेटलेलं होतं. तुझे काका गेल्यापासून माझ्या दारात ओवाळण्याचं ताट कोणी धरलं नव्हतं. मला नाही म्हणता आलं नाही.

झाकण उघडलं, पायांवर पाणी पडलं, समोर ज्योत आली, आणि ताट एकीकडे, नलू एकीकडे. बुजरी अंगण ओलांडून मागच्या खोलीत शिरली. तिथे नलूच्या यजमानांनी, केशवभावजींनी, यंदाचा कापूस ठेवलाय, पार वरच्या माळ्याला टेकलेला. त्या पांढऱ्या ढिगात तिची शेपटी दिसेनाशी होताना आम्ही दोघींनी पाहिली.

दार ओढून घेतलंय. तू दिलेलं खाणं आणि पाणी आत ठेवलंय. नलूने कान लावून पाहिलं, ती म्हणते काही आवाज नाही. मी काय सांगणार, ती आत ओरडत असली तरी मला कळायचं नाही.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी,
सुलोचनाआत्या


वर्धा
१२ जानेवारी २०२५

ती. आत्यास,

इलाचा सा. न. वि. वि. मांजराचं औक्षण वाचून आधी हसू आलं. मग हसू जागच्या जागी थांबलं.

तुला एक गोष्ट मी मुद्दाम सांगितली नव्हती. दयेपोटी घेऊ नयेस, आवडली तरच घ्यावीस, असं मला वाटत होतं. बुजरी मला जाम गावच्या चौकात एका ढाब्यामागे सापडली, जुन्या टायरांच्या ढिगात. कोणीतरी तिच्या अंगावर उकळतं पाणी ओतलं होतं. पाठीवरचा केस नसलेला डाग तू इथे तिला बघायला आलीस तेव्हा खरजेचा समजलीस, तो त्याचा आहे. आमच्याकडे ती कित्येक महिने शिलाई मशीनखाली राहिली. बाकीची मांजरं ताटात तोंड घालत, ही सगळे गेल्यावर खाई. तिचा आवाज मी आजवर ऐकलेला नाही. आणि तुम्ही तिच्या पायांवर पाणी ओतलंत आणि समोर आग धरलीत.

नलूकाकूला हे सांगू नकोस, ती जेवायची नाही.

मी उडत आले असते, पण पायाचं प्लास्टर अजून निघालेलं नाही आणि मला गाडीतून आणायला रजतही घरी नाही, तो कामासाठी हैदराबादला आहे. तू एवढंच कर. ढिगाकडे पाठ करून बसत जा. हाका मारू नकोस, उकरू नकोस. खाणं कमी झालं का तेवढं मात्र रोज कळव. नाहीच खाल्लं तर तिला परत घ्यावं लागेल आत्या. मला ते लिहिताना बरं वाटत नाहीये.

प्रकृतीला जप. माझा राग जाईल, तुझा जीव जायला नको.

तुझी,
इला


देवळी
१३ जानेवारी २०२५

चि. इलास,

अ. उ. आ. खाणं तसंच आहे. पाणी किंचित खाली गेल्यासारखं वाटतं, की मला तसं वाटून घ्यायचंय, देव जाणे.

उकरू नकोस म्हणालीस, पण मी उकरते. राहवत नाही. खांद्यापर्यंत हात आत घालते. कापूस आतून उबदार असतो इला. कुठेही हात घातला तरी तिथे काहीतरी जिवंत आहे असंच वाटतं, आणि मुठीत येतो तो कापूसच.

आता खरी गोष्ट ऐक. भावजींनी संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी गाडी सांगितली आहे. कापूस हिंगणघाटला जिनिंगमध्ये, सरकी काढायच्या कारखान्यात, जाणार. गाडी कशी भरतात ते तू लहानपणी पाहिलं आहेस. माणसं वर चढून पायांनी तुडवतात, म्हणजे जास्त मावतो. मी ते लहानपणापासून बघत आले, त्यात कधी वाईट काही दिसलं नव्हतं. आता डोळे मिटले की तेच पाय दिसतात. त्यातूनही ती वाचली, तर पुढे ते यंत्र आहे.

मी भावजींना थोडं थांबायला सांगितलं. ते वाईट माणूस नाहीत. पण म्हणाले, वहिनी, एका मांजरीपायी गाडी वापस पाठवू काय, आज भाव आहे, उद्या राहीन का नाई कोणाले ठाव. ती कवाचीच निंघून गेली असन, असंही म्हणाले. दार तर मी क्षणभरही उघडं सोडलेलं नाही.

नलू तीळ भाजायचे सोडून माझ्याशेजारी येऊन बसते. मले काय माईत बाई, मले वाटलं चांगलं होईन, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणते. मी तिला काय बोलू. ताट तिने धरलं, झाकण मी उघडलं.

मला काही सुचत नाहीये. तू सांग काय करू. मायेने सांग किंवा ओरडून सांग, पण उद्याच सांग.

तुझी,
सुलोचनाआत्या


वर्धा
१४ जानेवारी २०२५

ती. आत्यास,

सा. न. सोबत तीळगूळ पाठवतेय, पण आज गोड बोलणं मला जमणार नाही.

कोणालाही ढिगावर चढू देऊ नकोस. कापूस कवेत मावेल तेवढाच काढायचा, खालून नाही, वरून. प्रत्येक कव चाचपून मगच गाडीत जाऊ दे. केशवकाकांना सांग, इलाने हात जोडलेत. ते ऐकणार नसतील तर दारात आडवी पड. मी असते तर तेच केलं असतं.

आणि ती सापडली, तर सरळ नत्थूजींबरोबर परत पाठव. रात्रभर विचार करून लिहितेय. जी कधी ओरडत नाही ती, आणि जिला ओरडलेलं ऐकू येत नाही ती, अशा दोघी एका घरात मी ठेवल्या. एकीचं दुसरीला कळणार कसं? तू घरात एकटी असतेस म्हणून मी हे केलं. मला तुझी काळजी मिटवायची होती, बुजरीची नव्हे. चूक तुझ्या औक्षणाची नाही, माझी आहे.

लागलं तर माफ कर. पण परत पाठव.

तुझी,
इला


देवळी
१६ जानेवारी २०२५

चि. इलास,

अ. उ. आ. तुझं पत्र वाचून लागलं. खरं होतं म्हणूनच लागलं.

काल गाडी आली. मला दारात आडवं पडावं लागलं नाही, भावजींनी माझं तोंड पाहिलं आणि चढलेल्या माणसाला खाली उतरवलं. मग वरून एकेक कव काढायला सुरुवात झाली. कव माझ्यापुढे यायची, मी चाचपायचे, नलू चाचपायची, मग ती गाडीत. गाडीवाला काय बोलला ते त्याच्या ओठांवरून कळलं, इथे लिहीत नाही. दुपार कलली तेव्हा फरशी दिसली. बुजरी नव्हती. जिवंत नाही, मेलेलीही नाही. सगळ्यांची तोंडं एकदम हलायची थांबली. भावजींनी मला नमस्कार केला, कशासाठी ते त्यांनाही ठाऊक नसावं, आणि ते गाडीबरोबर गेले.

मी त्या रिकाम्या खोलीत खाली बसले. तुला लिहायचं पत्र मनात तयारही झालं होतं, की इला, तुझंच बरोबर होतं. आणि मग मी रडले. काका गेले तेव्हाही मी रडले नव्हते. माझा आवाज केवढा निघतो ते मला कळत नाही आणि गल्लीला तमाशा नको, म्हणून दात आवळून धरायची सवय लागली होती. काल ते दात सुटले.

डोळे पुसले तर दारात नलू उभी होती, तिच्यामागे अर्धी गल्ली. भ्यालेली दिसली. मग तिची नजर माझ्यावरून वर गेली आणि तिने तोंडावर हात ठेवला. वर माळ्यावर, जुन्या गोणपाटांच्या घडीमागून, बुजरी खाली बघत होती. कापसावरून चढून ती कधी वर गेली कोण जाणे. आम्ही तिला कापसात शिरताना पाहिलं, म्हणून माळा बघायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. आता उतरायला खाली ढीग नव्हता.

नलू स्टूल आणायला निघाली, मी हातानेच थांबवलं. रडू मात्र थांबेना. बुजरीने मला बराच वेळ न्याहाळलं आणि उडी मारली. हातभर अंतरावर येऊन बसली. माझ्या तोंडाकडे बघत तिने स्वतःचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. नलू सांगते, दार करकरावं तसा आवाज निघाला. मला नलूने सांगायची गरज नव्हती. मी सगळ्यांचं ऐकते तसं तिचंही ओठांवरून ऐकलं.

रात्री तिने वाटी चाटून पुसून ठेवली. अजून हात लावू देत नाही, मीही लावत नाही. प्लास्टर निघालं की ये आणि तुझ्या डोळ्यांनी बघ. परत मात्र मागू नकोस, मी देणार नाही.

नलू म्हणते, बाई, तुमचं रडणं बसस्टँडपर्यंत गेलं असन. जाऊ दे. एवढ्याने ती येते हे ठाऊक असतं, तर मी पहिल्याच दिवशी रडले असते.

तुझी,
सुलोचनाआत्या