अकोल्याला ऐकू न जाणारी मोटार

अमरावती, २० एप्रिल १९३७

रमे, तारीख मोठ्या अक्षरात घाल. उद्या वाचून दाखवताना आज कुठं थांबलो ते तुला आठवणार नाही. खुणेला मोरपीस ठेवशील, मग मोरपीस कुठं ठेवलं ते विसरशील. सकाळी माझ्या चहात दोनदा साखर घातलीस आणि आमटीत एकदाही मीठ नाही. शाळेत जाऊन हे शिकलीस. मी पाटीला हात लावला नाही, म्हणून माझ्या सगळं लक्षात राहतं.

मग रोजनिशी कशाला, असं याच रमा सूनबाईंनी विचारलं. लक्षात ठेवायला नाही. राग टिकवायला. वैशाखातल्या विहिरीसारखा माझा राग आटतो. मागं दोनदा विहीणबाईंना माफ करून बसले, केवळ उन्हामुळे. यंदा रोज थोडा राग कागदावर काढून ठेवायचा. हे माझं मला. रमा नुसती लिहिते, तिनं मनात वाचू नये.

२१ एप्रिल

गुन्हा लिहून ठेव.

माझी धाकटी अनसूया अकोल्याला दिली आहे, कमलाकांत मास्तरांना. सासू मनकर्णाबाई. परवा त्यांच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू. आमची जुनी मोटार दारात थांबली, मी पाय खाली टाकते न टाकते तोच ही बाई भर बायकांत म्हणाली, आमच्या विहीणबाईंची मोटार बडनेऱ्याला सुरू झाली की आम्ही इथं डाळ भिजत घालतो. त्या दारात येईतो भिजूनही होते आणि वाटूनही होते.

सगळ्या हसल्या. अनसूयेनं पदरात तोंड लपवलं. खांदे हलत होते. पोर रडत होती, आईला कळतं.

आंब्याची डाळ मी तीन वाट्या खाल्ली. माणसाचा राग अन्नावर काढू नये.

२२ एप्रिल

डाळीचं एक वेळ सोडून देईन. खरं दुखणं वेगळं आहे. कधीही अकोल्याला जा, अनसूया जात्यावर. कपाळावर घाम, केस सुटलेले. घरात दळायला पार्वताबाई ठेवलेली आहे, तरी जात्यावर आमचीच पोर. परवा मी वाकून पाहिलं तर जात्यात दाणा नव्हता. म्हणजे दळण संपलं तरी हिला उठू देत नाहीत. रिकामं जातं ओढायला लावणारी सासू मी तरी ऐकली नव्हती. मी रमेला असं कधी केलं नाही. रमे, मान कशाला हलवतेस, लिही.

मोटारीचा आवाज आधी पोचतो, म्हणून त्यांना बाकीचं झाकायला वेळ मिळतो. झाकून एवढं दिसतं, तर झाकलेलं किती असेल.

निश्चय पहिला: आवाज न करणारी मोटार घ्यायची. अकोल्यात मांजरीसारखं शिरायचं. विहीणबाईंना रंगेहात धरायचं, अनसूयेला ट्रंकेसकट मोटारीत बसवून घरी आणायचं. जात्याशी विहीणबाईंना ठेवायचं.

निश्चय दुसरा: यंदा आमच्या कुरड्या अकोल्याला एकही जाणार नाही. विहीणबाईंचा कुरड्यांवर फार जीव आहे.

मुलाला, बापूला, फक्त मोटारीचं सांगितलं. वकिलाला अर्धंच सांगावं, उरलेलं तो विरुद्ध बाजूनं बोलतो.

२५ एप्रिल

बापू कबूल. तसंही जुनी मोटार अकोल्याहून येताना बडनेऱ्याच्या फाटकाशी बंदच पडली होती. बैल लावून आणली. आता तिच्या मागच्या सीटवर मांजर व्यायली आहे. एकंदरीत नवी हवीच.

निवड मी करणार. बापू इंजिन बघेल, रमा रंग बघेल. मी कानानं बघणार.

२७ एप्रिल

मोटारीचे एजंट केशवराव काळी मोटार घेऊन आले. ट्रायल द्यायची म्हणाले. पुढं आमचा ड्रायव्हर नत्थुजी आणि केशवराव, मागं मी आणि रमा. माझी परीक्षा सोपी आहे. मी मागं बसून मनकर्णाबाईंबद्दल कुजबुजायचं. नत्थुजी हसला तर मोटार पास.

बडनेऱ्याच्या खडीच्या रस्त्याला लागलो. खालून घर्रर्र सुरू. चाकात कुणी दळायला बसल्यासारखं. मी कुजबुजले, नत्थुजी हसला नाही. आणखी कुजबुजले, तेव्हा रस्त्यानं जाणारा पोस्टमन हसला. त्याला हिशेबात धरलेलं नाही.

केशवराव म्हणाले, बाई, हा आवाज मोटारीचा नाही, रस्त्याचा आहे. टायरवरची नक्षी नवी आहे, खडीवर बोलते. मी म्हटलं, मग मला रस्ता सोडून नुसती मोटार द्या.

नापास.

२९ एप्रिल

दुसरी मोटार, हिरवी. तोच रस्ता, तीच घरघर, वर दाराची खुळखुळ. नापास. येताना बापूनं कोर्टातलं काही सांगितलं, मला ऐकूच आलं नाही. हा एक गुण होता, पण तेवढ्यासाठी घेता येत नाही.

केशवराव घाम पुसत होते. मी त्यांना म्हटलं, रस्ता तुम्ही निवडता म्हणून असं होतं. आता रस्ता मी निवडते. ते इतक्या चटकन हो म्हणाले की त्यांच्याबद्दल माझं मत बदललं. समजूतदार माणूस आहे.

२ मे

मिळाली.

केशवरावांनी तिसरी मोटार आणली. काळीच, पण धुतलेली आणि वागायला एकदम वेगळी. मी सरळ आपल्या शेताच्या पांदणीला, त्या मातीच्या गाडीवाटेला, घ्यायला सांगितलं. काय चालली. कापसाच्या गंजीवरून चालावी तशी. घर्रर्र नाही, खर्र नाही. मी इतक्या हळू बोलले की माझं मला ऐकू येईना, आणि नत्थुजी हसला. रमाही हसली. केशवराव तर सर्वांत जास्त हसले.

परतल्यावर नत्थुजी म्हणे, माय, हे त परवाचीच काळी गाडी हाय जी. मी म्हटलं, तिची बहीण असेल. तर म्हणे, नंबर तोच हाय. बहिणींचं आडनाव एकच असायचं.

मग म्हणतो, पांदणीत घोटाभर फुफाटा हाय, तिथं त बैलगाडीबी वाजत नाई. त्याला नवी मोटार धुवायला लागेल, म्हणून फाटे फोडून राहिला.

४ मे

मोटार घरी. नारळ फोडला. रमानं ओवाळलं, तबकात कुंकू विसरली.

बारीकसारीक आवाज शोधून काढले. मागं बांधलेलं जादा चाक खडखडतं, ते काढून माळ्यावर ठेवलं. सीटखाली लोखंडी अवजारांची पेटी खणखणते, तीही माळ्यावर. नत्थुजी म्हणाला, माय, हे कायले काढता, रस्त्यात कामी येते. मी म्हटलं, चाकं चार फिरतात, पाचवं नुसतं बोलतं. आमच्या घरात अशी माणसं आधीच पुष्कळ आहेत. बापू ऐकत होता. त्याला लागलं असेल.

मोटारीत खोकायचं नाही असाही नियम केला.

८ मे

बापूनं जेवताना विचारलं, आई, अकोल्याचा रस्ता पांदणीचा आहे की खडीचा. वकिली प्रश्न. मी ताक मागितलं.

नत्थुजी पेट्रोल भरून आला. रमा म्हणते तिला मोटारीची घरघर स्वैपाकघरात ऐकू आली. ती पिठाच्या गिरणीची होती. गिरणी बंद होती असं रमा म्हणते. लिहिलंस का हे? मी लिहायला सांगितलं नव्हतं.

राग ठीक आहे. सकाळी थोडा कमी वाटला, म्हणून २२ तारखेचं पान वाचून घेतलं. परत भरला.

११ मे

कुरड्या झाल्या. पांढऱ्याशुभ्र, जाळीदार, गच्चीभर. दोन डबे. अकोल्याला एकही नाही. पुन्हा लिही, एकही नाही.

उद्या पहाटे निघते. परवा अक्षय्य तृतीया, चैत्रगौरीचं शेवटचं हळदीकुंकू, विहीणबाई बेसावध असणार. रमा घरी राहील, कुरड्या राखायला. दारात उभं राहून काय म्हणायचं ते पाठ केलं आहे: विहीणबाई, डाळ भिजली का? एवढंच. पुढचं सगळं त्यांच्या तोंडाकडे बघून.

मूर्तिजापूर स्टेशन, १२ मे, दुपार

हे एका परक्या सद्गृहस्थांकडून लिहून घेते. ते गाडीची वाट बघत होते, रिकामे होते.

बडनेरा सोडल्यापासून खडीनं फार लावून धरलं. रस्ता आता पूर्वीसारखा राहिला नाही. बायका विहिरीवरून वळून बघत होत्या, मोटार नवी आहे म्हणून. मूर्तिजापूरच्या अलीकडे टायर फुटला, मोठा बार झाला. जादा चाक घरी माळ्यावर सुखरूप आहे.

एक सांगते, मोटार आता मुळीच आवाज करत नाही. बैल लावून आणली, स्टेशनासमोर लिंबाखाली उभी आहे. नत्थुजी तिच्या सावलीत बसून माझ्याकडे बघत नाही. टायर इथंच मिळतो का, ते तो बघेल.

मी आगगाडीनं पुढं जाते. बेत तोच आहे, फक्त मोटार त्यात नाही. सद्गृहस्थ म्हणतात, माघारी जा. त्यांना विहीण नसावी.

अकोला, १३ मे, अक्षय्य तृतीया

हे अनसूया लिहिते आहे. तिला बसवली आहे कारण ती बसलेलीच होती.

काल स्टेशनावरून टांगा केला. तो गल्लीच्या तोंडाशी सोडला, पायातल्या वहाणा हातात घेतल्या आणि मागल्या दारानं शिरले. कुणाला चाहूल नाही. जन्मात एवढी हळू चालले नव्हते.

जातं कोपऱ्यात सारलेलं, त्यावर लोणच्याची बरणी. ओसरीवर बंगई. बंगईवर अनसूया, पाय पसरून, पोटावर कादंबरी, हातात ऊस. पोरगी गुटगुटीत झाली आहे, हे एरवी जात्याच्या घामात मला दिसलं नव्हतं. आणि खाली जमिनीवर मनकर्णाबाई कैरी किसत बसलेल्या. एका पायानं बंगईला झोका देत.

मी पाठ केलेलं वाक्य विसरले. मी. रमे, हे तू हसून वाचू नकोस.

मनकर्णाबाईंनी मला पाहिलं आणि किसणी टाकून अनसूयेला हलवलं. म्हणाल्या, ऊठ गं, ऊठ, तुझी आई आली, जात्यावर बस. अनसूया धडपडली, बरणी उचलायला धावली. मी दारातच उभी. मग मनकर्णाबाईंनीच कपाळावर हात मारला. म्हणाल्या, आता बसून काय करतेस, बघितलंच त्यांनी. आणि मला म्हणाल्या, असं न सांगता यायचं असतं का हो, मोटार कुठं आहे तुमची.

मग सगळं निघालं. लग्नात पाठवणीच्या वेळी मी अनसूयेला म्हटलं होतं, सासरी रिकामी बसलेली दिसलीस तर या दारात तुला पुन्हा पाय ठेवू देणार नाही. पोरीनं ते धरून ठेवलं. सासूला रडून सांगितलं. तेव्हापासून आमची मोटार घुमायला लागली की मनकर्णाबाई तिला जात्यावर बसवतात, कपाळाला पाण्याचा हात लावतात, आणि माझ्यासाठी डाळ वाटायला घेतात. दाणे मुद्दाम टाकत नाहीत, पोरीच्या हाताला फोड येतात म्हणून.

हळदीकुंकवाला अनसूया खांदे हलवत होती ती हसत होती. आत्ता लिहितानाही हलवते आहे.

काल डाळ मिळाली नाही. भिजतच नव्हती. मोटार ऐकू आली नाही, तर कशी भिजणार.

मी वहाणा खाली ठेवल्या आणि कैरी किसायला बसले. मनकर्णाबाईंचा कीस जाड असतो. सांगितलं तसं. त्या म्हणाल्या, बरं, तुम्ही करा. अनसूया परत बंगईवर गेली. तिला झोका द्यायला पाय माझाच जवळ होता.

मोटारीला आवाज हवा असं माझं पहिल्यापासून मत होतं. केशवरावांनी मला पांदणीत नेऊन फसवलं.

नत्थुजी आज टायर घालून आला. तो चौकातून वळला तेव्हाच मनकर्णाबाईंनी त्याचं ताट वाढलं. हा कागद तोच अमरावतीला आणतो आहे. रमे, माळ्यावरचं चाक आणि पेटी दोन्ही परत मोटारीत चढव. खडखडू दे. बापूला अनसूया बरी आहे एवढंच सांग.

आणि कुरड्यांचा मोठा डबा नत्थुजीबरोबर पाठव. लहान नाही, मोठा. वरच्या थरातल्या मोडक्या काढून आपल्याला ठेव, आख्ख्या इकडे. सोबत जवसाची चटणी, आणि ते मागच्या वर्षीचं लिंबाचं लोणचं, जे मी विहीणबाईंना नाही म्हणून सांगितलं होतं. डब्याचं झाकण विसरू नकोस.