गडद हिरवा गहू

बाबा,

मिल बंद झाली त्या हिवाळ्यात तुम्ही शहराबाहेर अर्ध्या वाट्याने गव्हाचं शेत कसायला घेतलंत. सगळी नोकरी मिलच्या रंगखात्यात गेलेली, शेतीतलं तुम्हाला काही ठाऊक नव्हतं. मी तेव्हा कृषी महाविद्यालयात शिकत होते आणि घरात त्याचा मला फार ताठा होता. सकाळी तुम्ही सायकलला डबा अडकवून निघायचात, संध्याकाळी परतायचात तेव्हा हाताला रंगाऐवजी माती असायची, आणि आई म्हणायची, "चला, ही तरी धुतली की जाते."

पहिल्या पाण्यानंतर पीक जरा पिवळट दिसलं. त्या साली बाकीची खतं महागली होती, युरिया तेवढा स्वस्त राहिला होता. शेजारचे सगळे तोच टाकत होते. तुम्हीही टाकलात, दर पाण्याला. गहू असा काही गडद हिरवा झाला की एका रविवारी तुम्ही मिलच्या दोस्तांना बघायला बोलावलंत. चहाचा थर्मास घेऊन मीही सोबत होते.

"क्या रंग चढा है भिया!" एक काका म्हणाले.

तुम्ही हसलात. मिल सुटल्यापासून तुम्हाला असं हसताना पाहिलं नव्हतं. आणि मी म्हणाले, "काका, या रंगावर जाऊ नका. गव्हाला युरियातलं नत्र बेताने द्यायचं असतं. थोडं पेरताना, थोडं पहिल्या-दुसऱ्या पाण्याला, बस. जास्त झालं की नुसती पानं माजतात, काडी नाजूक राहते, वारा आला की गहू झोपला. बाबांना वाटतं कपडाच रंगवतोय."

सगळे हसले. तुम्हीही हसलात, पण जरा उशिरा.

ओंब्या भरत असताना मावठ्याचा अवेळी पाऊस आला, वाऱ्यासकट. सकाळी गेलो तर सगळं शेत आडवं. तुम्ही चिखलात बसून गव्हाच्या जुड्या उभ्या करून बांधायला लागलात. मी बांधावरूनच म्हणाले, "राहू द्या बाबा, आता उठत नाही तो."

"तू जा बेटा," तुम्ही म्हणालात, "कॉलेजला उशीर होईल."

दाणा सुरकुतलेला निघाला. मालकाने शेत काढून घेतलं आणि तुम्ही भंवरकुआं भागातल्या एका होस्टेलवर चौकीदार झालात. शेतीचं नाव शेवटपर्यंत पुन्हा काढलं नाहीत. माझ्यासमोर तर नाहीच.

आता मी गावोगाव शेतकऱ्यांचे वर्ग घेते. युरिया किती टाकायचा, कधी टाकायचा हे सांगताना तुमचीच गोष्ट सांगते. 'कपडे रंगवणारा एक माणूस होता,' अशी सुरुवात केली की लोक हसतात आणि धडा लक्षात ठेवतात. तो माणूस माझा बाप, हे कधी सांगितलं नाही. परवा एका गावात मागे बसलेले एक म्हातारे उठले. "मॅडमजी, उसने किसी से पूछा नहीं था क्या?"

"नहीं पूछा," मी म्हणाले आणि पुढे शिकवू लागले.

तुम्ही विचारलं होतंत, बाबा. आई पोळ्या करत होती, मी ओट्याशी पुस्तक उघडून बसले होते, परीक्षा तोंडावर होती. "बेटा, युरिया आणखी टाकू का? सगळे टाकतायत." उत्तर त्याच पुस्तकात होतं, मला पाठही होतं. मान वर न करता मी म्हणाले, "टाका ना, मला काय विचारता."

हे लिहून झालं की आईला वाचून दाखवायचं ठरवलं होतं. नाही दाखवणार; माझं ते उत्तर तिने तेव्हाच ऐकलंय.