खाचेचं काडतूस

अनी, २० जानेवारी १९८२

श्री. गिसुके दाजी यांस तोकुजीचा सा. न. वि. वि.

इकडे सारे खुशाल. छपरावरचं बर्फ आठवड्यातून दोनदा ओढून काढावं लागतं. चौसष्टाव्या वर्षी मी शिडीवर चढलो की हिचा जीव खाली अंगणात टांगणीला लागतो. वर्ष-दीड वर्षात तुमच्या हातचं पत्र नाही, शिनोच खुशाली कळवते. ओसाकात कामं फार वाढलेली दिसतात.

काम आहे म्हणून लिहितो. बाबांची जुनी मुराता बनावटीची बंदूक तुम्ही पाहिली आहे. तिला तीस नंबरचं पितळी काडतूस लागतं. ते उडवायचं आणि पुन्हा भरायचं. बाबांची बारा होती, भरून भरून अकरांची तोंडं चिरली. तीन वर्षांपूर्वी एक चिरलेलं उडवलं तर धूर मागून माझ्याच डोळ्यांत आला. तेव्हापासून बंदूक कपाटात आहे. आकिताच्या दुकानदाराने तीस नंबर ऐकल्यावर ती संग्रहालयात द्या असा फुकटचा सल्ला दिला. त्यात तपासणीला आलेला हवालदार सांगून गेला की सलग तीन हंगाम न वापरलेली बंदूक जमा करावी लागते, आणि हा तिसरा. जमा झालेली बंदूक गॅसने कापतात म्हणे.

मी मांचुरियात युद्धावर होतो तेव्हा याच बंदुकीने बाबांनी पूर्वेच्या कड्यावरचं थोरलं अस्वल पाडलं. त्या उपासमारीच्या वर्षी अख्ख्या गावाने ते मांस खाल्लं. ती बंदूक कापलेली मला बघवणार नाही.

तुमच्या लेथवर पितळी नळाच्या तोट्या निघतात, तर दहा काडतुसं निघतील का? उरलेलं एक धड काडतूस उडवून चिरायचा धोका नको, ते मापासाठी पाठवतो. एप्रिलच्या मध्याला आमची पाच जणांची टोळी अस्वलाला निघते, त्याआधी हवीत. एक विनंती मात्र आहे. यातलं काही शिनोच्या हाती लागू देऊ नका. बाईचा हात लागलेलं काडतूस डोंगरदेवीला खपत नाही, ती भारी मत्सरी. निघण्याआधी आठवडाभर आम्ही बायकोशी बोलतसुद्धा नाही. ही म्हणते, वर्षातला तेवढाच काय तो सुखाचा आठवडा.

लोभ आहेच, तो दहा काडतुसांनी वाढावा.

आपला,
तोकुजी

*

हिगाशी-ओसाका, ३ फेब्रुवारी

ती. तोकुजीदादास शिनोचा शि. सा. न. वि. वि.

पत्र यांच्या नावचं होतं, पण यांचा चष्मा सापडेना, म्हणून मीच वाचून दाखवलं. आता वाचलं ते वाचलं. देवीला सांग, डोळे लागले, हात नाही.

काम होईल. पण पितळ मिळवण्यातच आठवडा गेला. आमच्या तोट्यांच्या कांबीत शिसं जास्त असतं. ती लेथवर भराभर कापली जाते, पण काडतुसाला ठिसूळ पडते. शेवटी बंदराजवळ जुनी जहाजं मोडणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे चांगल्या जातीची कांब मिळाली. कशाला हवी म्हणून त्याने खोदून खोदून विचारलं, तेव्हा फुलदाण्या करायच्यात म्हणून सांगितलं. पहिली दोन काडतुसं सोबत आहेत. तोंडं लाल तापवून पाण्यात बुडवली आहेत, म्हणजे पितळ मऊ पडतं आणि चिरत नाही. भरशील तेव्हा दारूवरची चकती घट्ट बसव, आणि वरून देव्हाऱ्यातल्या मेणबत्तीचं मेण सोड. राळ नको, थंडीत तडकते.

वहिनीला म्हणावं, शिडी लपवून ठेव. तुझी माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
शिनो

*

अनी, २० फेब्रुवारी

चि. सौ. शिनो हिस अनेक आशीर्वाद.

दाजींना लिहिलं तरी उत्तर तुझंच येतं, तेव्हा हे पत्र सरळ तुझ्याच नावाने. दोन्ही काडतुसं पोचली. काम दृष्ट लागण्यासारखं आहे, फक्त बुडाची कड केसभर जाड झाल्याने बंदूक पुरती मिटत नाही.

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. बाबा देव्हाऱ्यातल्या मेणबत्तीचं मेण वापरायचे, हे दाजींना कोणी सांगितलं? मी तर नाही. बाबा कोणासमोर काडतूस भरत नसत, मी युद्धावरून परत आलो तरी कोठीचं दार लावून घ्यायचे. मलाही त्यांनी ते म्हातारपणीच दाखवलं. आणि काडतुसांसोबत आलेल्या मापाच्या कागदावरचे आकडे दाजींच्या हातचे नाहीत. ते काय लपवतात, आणि तू काय लपवतेस?

टोळीचा म्होरक्या मी आहे. माझ्या शब्दावर चार माणसं कड्यावर चढतात, त्यांना खोटं सांगून मला डोंगरात पाऊल टाकता येणार नाही. त्यापेक्षा बंदूक गेलेली पत्करली. काय असेल ते लिही.

रागावलो नाही, काळजीत आहे.

तोकुजी

*

हिगाशी-ओसाका, १ मार्च

ती. दादास शि. सा. न.

दीड वर्षापूर्वी यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला. तुला कळवलं असतं तर तू सगळं टाकून धावत आला असतास, आणि तुला बघून मी रडत बसले असते. तेवढी सवड नव्हती. तेव्हापासून लेथ मी चालवते. हे शेजारी खुर्चीवर बसतात, आणि माझं चुकलं की मान हलवतात. मान चांगली शाबूत आहे. तोट्या माझ्या हातच्या, आणि तुझी काडतुसंही माझ्याच हातची.

दुसरी गोष्ट त्याहून जुनी. तू गेलास त्यानंतर बाबांना जवळचं दिसेनासं झालं. कड्यावरचं अस्वल दिसायचं, पण हातातली, बार पेटवणारी इवली केप दिसायची नाही. युद्धात चष्मा कुठून मिळणार, आणि गावातले जाणते हातही सगळे युद्धावर. मग कोठीचं दार लावून मी भरू लागले. सोळा वर्षांची होते. केप, दारू, चकती, गोळी, मेण, सगळं मीच बसवायची. मी घाबरले तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "डोंगरात देवी बघेल ते बघेल, गावात कोणी बघायला नको." तू परत आल्यावरही, माझं लग्न होईपर्यंत असंच चाललं. मग तू त्यांना चष्मा आणून दिलास.

गोळीचं काडतूस कोणतं आणि छर्‍यांचं कोणतं हे बाबांच्या बोटाला कळावं म्हणून गोळीच्या काडतुसांच्या कडेला मी कानशीने एकेक खाच पाडली होती. तू मापाला पाठवलेल्या काडतुसाला ती खाच आहे. पुडक्यातून काढताच माझ्या अंगठ्याने ती ओळखली. थोरलं अस्वल माझ्या काडतुसाने पडलं, दादा. अडतीस वर्षं कोणाला बोलले नाही.

कड घासून दहा काडतुसं पाठवते आहे, बाबांचंही परत पाठवते. माझी नकोत तर धाडून दे, मी त्यांच्या तोट्या करीन. मला वाईट वाटेल, पण समजेल. सोबत वाळवलेला ओकोझे मासा आहे. आपल्याहून कुरूप कोणी दिसलं की देवी खूश होते, असं बाबा सांगायचे. मासा पुरला नाही तर माझा फोटो दाखव. लेथच्या तेलाने तोंडाचं जे झालंय ते बघून ती मत्सर करायची नाही.

मनातून उतरवू नकोस.

शिनो

*

अनी, २८ एप्रिल

चि. सौ. शिनो हिस अनेक आशीर्वाद. दाजींना नमस्कार.

उत्तराला दोन महिने लावले, कारण आधी घडायचं ते घडू द्यायचं होतं. निघण्याच्या आधी टोळीला घरी बोलावलं, दहाही काडतुसं चटईवर मांडली आणि तुझं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं.  मला भीती होती ती कामेजोची. नियमाला त्याच्याइतका कडक गावात कोणी नाही, तो उठला असता तर बाकीचेही उठले असते, आणि मी बंदूक हवालदाराच्या हाती दिली असती. त्याने बाबांचं जुनं काडतूस उचललं, कडेवरून कितीतरी वेळ अंगठा फिरवला. मग म्हणाला, "त्या अस्वलाचं मांस मी पोटभर खाल्लंय. आता ओकू कुठे?" त्यावर सगळे हसले, आणि मी तिथेच काडतुसं भरायला घेतली. दार उघडं होतं, ही दारात उभी राहून बघत होती.

एकोणीस तारखेला पूर्वेच्या कड्यावर चाळीस पावलांवरून एकच बार टाकला. अस्वल पडलं. काडतूस अलगद बाहेर आलं, कुठे चीर नाही. हवालदाराने वहीत नोंद केली. बंदूक घरी आहे.

मी तुझ्यावर रागावू कसा? ती खाच बाबांची काहीतरी मंत्राची खूण असणार, असं मी धरून चाललो होतो. दर शिकारीआधी ते काडतूस मी कपाळाला लावत आलो. तीस वर्षं तुझ्याच हाताला डोकं टेकवत होतो, हे कळल्यावर मी रडलो, तेही हिच्यासमोर.

आमचा वाटणीचा नियम तुला ठाऊक आहे. म्होरक्या असो की हाकारे घालणारा, ज्याचा शिकारीला हात लागला त्याला सारखा वाटा. आम्ही पाच जण गेलो होतो. मी सहा वाटे केले. सहावा सोयाबीनच्या मिसोत मुरवून आजच्या पार्सलने पाठवला आहे. दाजींना मऊ शिजवून घाल. भाताची लावणी झाली की मी येतो. रडायचं असेल तर तेव्हा सवड काढ.

तुझा,
दादा

ता. क. उडवलेलं काडतूस सोबत पाठवतो. कडेला खाच नाही. तेवढी पाडून परत पाठव.