माझ्या आवाजाला वारस नाही

मी, दमयंती नरहरी सावे, वय सहासष्ट, अविवाहित, मूळची माकुणसारची, हल्ली राहणार बोईसर, तारापूरच्या एका रसायन कंपनीची निवृत्त जनसंपर्क अधिकारी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणाची जबरदस्ती नाही. माझ्यावर जबरदस्ती करील असा माणूस तारापूरच्या कारखान्यांत अजून कामाला लागलेला नाही. फक्त मला बोलता येत नाही. गेल्या माघात कर्करोगामुळे माझे स्वरयंत्र काढले आणि मानेला श्वासापुरते भोक ठेवले. हे आधीच नोंदवते, कारण पुढचे सगळे त्यावरच अवलंबून आहे. यापूर्वी केलेली व्यवस्था रद्द समजावी.

१. बोईसरचा फ्लॅट आणि बँकेतील ठेव माझ्या भावाची मुलगी वैभवी हिला द्यावी. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. माकुणसारच्या वाडीतला माझा हिस्सा भावाला, त्याच्यामागे वैभवीला. चिकू त्याने वेळेवर उतरवावेत. गेल्या साली निम्मे वटवाघळांनी खाल्ले आणि हा लग्नांच्या पंगती झोडत राहिला.

२. माझा जीपवरचा भोंगा मुरब्याच्या मच्छीमार सोसायटीला द्यावा. वादळाचा इशारा द्यायला उपयोगी पडेल. या भोंग्यावर मी उभी हयात काढली. तेव्हा जनसंपर्क म्हणजे कारखान्यात काही बिघडले की आधी गावात जायचे, शिव्या खायच्या आणि मगच तोंड उघडायचे. पालघरच्या बातमीदारांना निवेदन नंतर. माझे पहिले वाक्य ठरलेले असे: "मी अमुक ठिकाणी उभी आहे." हवा वाईट असेल तर ती माझ्याही नाकात जाणार, हे दिसले की लोक पुढचे ऐकत. ज्या जागी मी उभी नाही तिथे सगळे ठीक आहे असे मी कधीही म्हटले नाही. त्यापायी दोन साहेबांशी कायमचे वाकडे आले. ते वाकडे तसेच राहू द्यावे, माझ्या दहाव्याला त्यांना बोलावू नये.

३. माझ्या जागी आलेले श्री. हर्षित यांना माझ्या फिरतीच्या चपला द्याव्यात. मापाच्या होणार नाहीत, पण टेबलावर ठेवता येतील. त्यांचे गाव म्हणजे संगणकाचा पडदा. त्यावर लोकांचा राग लाल रेघेने चढतो आणि समाधान हिरव्या रेघेने. कारखान्याच्या नाल्यापलीकडचा पाडा त्यांनी तिथली चिमी वायूने मेल्यावर पहिल्यांदा पाहिला, तोही गाडीच्या काचेतून.

४. आता माझा आवाज. वायुगळतीच्या सरावात द्यायच्या सूचनांच्या माझ्या जुन्या ध्वनिफिती कंपनीकडे होत्या. मला न विचारता त्या मुंबईच्या एका एजन्सीला दिल्या गेल्या आणि तिने यंत्राकडून माझा आवाज तयार करून घेतला. यंत्राने माझी पहिल्या वाक्याची सवयसुद्धा उचलली.

श्रावणात एका संध्याकाळी कारखान्यातून वायू सुटला. पाड्यावरच्या मोबाइलवर कंपनीकडून माझा आवाज आला: "मी तुमच्या पाड्यावर हातपंपाजवळ उभी आहे. वास फक्त वाफेचा आहे, घाबरू नका." मी त्या वेळी घरी नळीने पेज घेत होते.

चिमी मला ओळखत होती. मी पाड्यावर गेले की ती आधी तांब्याभर पाणी द्यायची, बाकीचे बोलणे मागून. ती नवऱ्याला, जिव्याला, म्हणाली, "बाय आलीय बोरिंगवर, पानी देऊन येते." हातपंप खाली नाल्याकाठच्या खळग्यात आहे. जड वायू खळग्यातच साचतो. वरच्या घरांतले लोक खोकत वाचले. चिमी पंपाजवळ सापडली, तांब्या तिच्या हातात होता.

जिव्या माझ्या दारात आला. "बाय, तू बोलावलीस ना तिला? मंग तू का नवतीस तिथं?" मी मानेवरचा रुमाल काढून भोक दाखवले. त्याने वाकून पाहिले. "मंग बोलला कोन?" म्हणाला. मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती, इतका संतापही आला नव्हता.

श्री. हर्षित म्हणाले, "मॅडम, हेतू चांगला होता. घबराट आटोक्यात राहिली." चिमीच्या दिवसांना कंपनीचा शोकसंदेश आला, तोही माझ्याच आवाजात. मेलेल्याच्या टाळूवरचे लोणी म्हणतात ते हेच.

सबब, माझ्या आवाजाला आणि चेहऱ्याला वारस नाही. ते कोणीही वापरू नयेत, विकू नयेत, नव्याने घडवू नयेत. वापरल्यास वैभवीने कोर्टात जावे, ठेव त्यासाठी खर्चावी. माझ्या मृत्यूचा फलक कंपनीने लावू नये.

५. वैभवीच्या मोबाइलमधले माझ्या आवाजातले सर्व जुने निरोप तिने पुसून टाकावेत. मोदकांची उकड कशी काढायची तो निरोपसुद्धा. यंत्राला अर्ध्या मिनिटाचा आवाज पुरतो म्हणतात. हे सांगितल्यावर ती म्हणाली, "आत्या, मग माझ्याकडे तुझं काय राहील?" मी पाटीवर लिहिले, चिकूची झाडे. ती रडली, मीही रडले. तरी हे कलम कायम आहे.

६. माझ्या मागे हे मृत्युपत्र वैभवीने पाड्यावर, हातपंपाजवळ, स्वतः जाऊन वाचावे. मोबाइलवर नाही, ध्वनिमुद्रण करून नाही. आधी लोकांना तिच्याकडे नीट पाहू द्यावे. मग म्हणावे, "मी इथे उभी आहे." आणि चौथे कलम अगोदर वाचावे.

७. जिव्याला मी काहीच देत नाही. साक्षीदाराला काही देऊ नये, असे वकील सांगतात. दिले असते तरी त्याने घेतले नसते.

हा मजकूर आज वैभवीने दोन्ही साक्षीदारांना समोर बसून वाचून दाखवला. त्यानंतर मी त्यांच्यादेखत सही केली. अंगठा उठवण्याआधी जिव्याने माझे मनगट धरले, दाबून पाहिले आणि म्हणाला, "हां, हाय." मग त्याने अंगठा उठवला.

स्थळ: बोईसर
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

सही: दमयंती नरहरी सावे

साक्षीदार:
१. मेघाली चुरी, शेजारी, बोईसर (सही)
२. जिव्या, चिमीचा नवरा, नाल्यापलीकडचा पाडा (डाव्या हाताचा अंगठा)